डाव्या हातानं लिहिणारी बाई

लहानपणी माझा डावा हात बरेचदा कमरेला बांधलेला असे. जुन्या लुगड्याच्या चिंधीनं माय तो बांधायची आणि मग ताट नाहीतर पाटी पुढे सरकवायची. डावखुऱ्या पोरीच्या हातचं पाणी कोणी घेत नाही, असं आमच्या वडनेरात म्हणत. गाठ मारताना माय माझ्याकडे बघत नसे. उजव्या हातानं मी लिहिलं की कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं दिसे. चौथीची परीक्षा घ्यायला डिप्टीसाहेब यायचे होते, आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं, नापास झाली की शाळा बंद. मला शाळा हवी होती. त्यापुढे दिवाळीचा परकरही नको होता.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कापूस विकून झाला की गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागे. मधोमध पडदा, पुढून पुरुष बघत, मागून बायका. चित्र आरपार यावं म्हणून पडद्यावर पाणी शिंपडत. ओल्या कापडाचा वास, पलीकडून येणारा विड्यांचा धूर, आणि त्या धुरात हलणारी गोरी माणसं. पलीकडून ती कशी दिसतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला दिसला तोच सिनेमा.

त्या वर्षी साहेबांच्या मुलखातला सिनेमा आला. भाषा कळत नव्हती, म्हणून तंबूवाल्यांचा एक माणूस काठी घेऊन गोष्ट सांगे. एक बाई गच्चीवर बसून नळीतून तारे बघते. लोक हसतात, बाप गच्चीचं दार लावून घेतो, तरी ती बघतच राहते, आणि कोणालाच ठाऊक नसलेला एक तारा तिला सापडतो. तिच्या खिडकीबाहेर पांढरं काहीतरी हळूहळू पडत होतं. काठीवाल्यानंही बर्फ पाहिलं नसावं. "हा कापूस उडून राह्यला," तो म्हणाला, आणि आम्हाला ते पटलं. आमचाच कापूस तिच्या दारात पडतोय, असं वाटून मी अगदी तरंगत होते. जागी आहे की झोपेत, तेही कळेना.

मग ती दिव्यापाशी बसली आणि लिहू लागली. डाव्या हातानं. अंधारात मायनं माझं मनगट धरलं आणि खेळ संपेपर्यंत सोडलं नाही. एवढी सुखी मी पुढे फार कमी वेळा झाले.

सकाळी बाबा ओसरीवर बसून दोर वळत होते. माय त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. एरवी ती त्यांच्याशी दाराआडून बोले.

"थ्या ताऱ्यावाल्या बाईनं डाव्या हातानं लेहलं. एवढी शिकली ते. हिचा हात मी आता बांधत नाही."

"डाव्या हातानं?"

"हाव. मी पाह्यलं."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. मग दोर खाली ठेवला, टोपी घातली आणि मास्तरांकडे जाऊन सांगून आले, पोरीले डाव्या हातानं लिहू द्या. मी पास झाले. पुढे मलकापूर, मग अमरावतीचं कॉलेज.

कॉलेजात काचेवरची चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडून दाखवत. एकदा काही कामानं मी त्या पडद्यामागे गेले, तर सगळी अक्षरं उलटी. डावं ते उजवं झालेलं. म्हणजे तंबूत आम्ही मागून पाहिलेली ती ताऱ्यांची बाई उजव्या हातानं लिहीत होती. आणि बाबा तर पुढच्या बाजूला बसले होते.

सुट्टीत घरी आल्याबरोबर विचारलं, "बाबा, तुमाले थे बाई कोन्या हातानं लेहताना दिसली होती?"

"उजव्या," बाबा म्हणाले.

"मग मास्तरले तसं काऊन सांगतलं?"

"तुही माय कधी खोटं बोलत नाही. थ्या दिवशी बोलली. म्हनलं, पोरीसाठी येवढं बोलली, तं आयकाव."

मी पडद्याचं सगळं समजावून सांगितलं. माय शेजारीच तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"म्हंजे इतके सालं तुमी मले खोटी समजत होते?"

"हाव."

"अन् तरी आयकलं?"

"हाव," बाबा म्हणाले.