समुद्र कोणत्या पातीचा?

देवास गाव एक, पण राजे दोन. मधल्या रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. मालोजीराव थोरल्या पातीचे चोपदार. निष्ठा अशी की धाकट्यांच्या जमिनीवर त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नाही. पंचाईत एवढीच, की बायकोचं, इंदिराबाईंचं माहेर रस्त्यापलीकडे होतं. दर दिवाळीला सासूबाई ताम्हन घेऊन पलीकडच्या कडेला उभ्या राहत आणि जावईबापू अलीकडून, लांबूनच ओवाळून घेत.

नातू झाला तर जोडीने समुद्रस्नान करीन, असा नवस इंदिराबाई बोलल्या होत्या. नातू झाला. म्हणून दोघं मुंबईला, गिरगावात राहणाऱ्या, मूळच्या धारच्या ओळखीच्या उमाशंकरकडे उतरली.

उमाशंकर त्यांना मुंबई दाखवायला निघाला. ट्रामच्या रस्त्यावर मालोजीराव थबकले.

"भिया, ही बाजू कोणाची?"

"सरकारची."

"आणि ती?"

"तीही सरकारचीच."

"दोन्हींकडे एकच धनी?" मालोजीरावांना मुंबईची कीव आली. राणीच्या बागेत सिंह पाहून त्यांनी हळूच विचारलं, "हे कोणाच्या पदरी?"

अमावास्येला सगळे चौपाटीवर गेले. इंदिराबाईंनी पदराची नि उपरण्याची गाठ मारली. ओल्या वाळूपाशी मालोजीराव खांबासारखे उभे राहिले.

"समुद्र कोणत्या पातीचा?"

"समुद्राला कसली आलीय पाती, भिया!" उमाशंकर म्हणाला.

"असं कसं? आज उतरलो आणि उद्या धाकट्यांचा निघाला म्हणजे?"

माणसं हसू लागली. इंदिराबाई हसल्या नाहीत.

"अहो, तुमच्या संगतीने एकदाही माहेरी गेले नाही. ते सोसलं. पण नवस मोडला तर नातवाच्या तोंडाकडे कशी बघू?" मग त्यांनी वाळूवर पायाने रेघ ओढली. "ही बाजू माझी, माहेरची. ती तुमची, थोरल्यांची. गाठ मधोमध. उतरा आता."

हद्द आखलेली पाहून मालोजीरावांचा जीव भांड्यात पडला. पगडी न काढता ते कमरेइतक्या पाण्यात गेले. पहिलीच लाट आली, पगडी उचलली आणि थेट इंदिराबाईंच्या बाजूला घेऊन गेली. बोडक्या डोक्याचा चोपदार! हद्द विसरून त्यांनी तिकडे उडी घेतली. पगडी हाती लागली, पण गाठीने बांधलेल्या इंदिराबाईही ओढल्या गेल्या, आणि दोघांची बुडी एकदमच झाली.

"झालं जोडीचं स्नान!" नाकातोंडातलं पाणी पुसत इंदिराबाई म्हणाल्या.

देवासला परतल्यावर नवसाच्या नारळाचा प्रसाद घ्यायला मेहुणा फत्तेसिंग नेहमीसारखा पलीकडच्या कडेला येऊन उभा राहिला. मालोजीरावांनी पगडी नीट बसवली आणि रस्ता ओलांडला.

"दाजी, हद्द!" फत्तेसिंग ओरडला.

"पगडी अगोदरच जाऊन आलीय. आता पायांना कोण अडवतं?"

मागून इंदिराबाई पदर सावरत निघाल्या. फत्तेसिंग घरात धावला. जावयासाठी करवून घेतलेला पाट माळ्यावर कुठेतरी कोराच पडला होता.