देवचाराची चूड

चौकशीला आलेल्या लष्करी साहेबाने मला फसवले. साठ सालानंतरची ही गोष्ट. तारकर्लीच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला आम्ही बायका वाळलेली मासळी गोळा करत होतो. समुद्रावर एक तांबूस गोळा आला, थांबला आणि सरळ वर जाऊन नाहीसा झाला. सगळ्यांनी पाहिला. पुढे चौकशीला लष्कराची जीप आली तेव्हा मात्र बोलायला मी एकटीच.

"केवढा होता?" साहेबाने विचारले.

"देवचाराच्या चुडीएवढो."

गावाचा राखणदार देवचार हातात पेटती चूड घेऊन फिरतो, असे आमच्याकडे मानतात. म्हणून लांबवरच्या एकट्या उजेडाला सगळे तसेच म्हणतात. मी माप सांगत होते.

साहेब हसला. "म्हणजे भूत पाहिलंत, बाई!"

"भूत न्हय, सायबानू! कोणी राक्षसाएवढो म्हटल्यार तुमी राक्षस धरूक जीप धाडतात?"

"बरं, तुमचं म्हणणं आहे तसं कळवतो," तो म्हणाला. आणि जाताना मालवणच्या बाजारातल्या हॉटेलात चहा पीत सगळ्यांना सांगून गेला, मासळीवालीने भूत पाहिले, चौकशी संपली.

मी टोपली डोक्यावर घेऊन एकटीने धंदा उभा केला, तो शब्दाच्या जोरावर. त्या दिवसापासून भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणे, "खरो भाव सांग गो, देवचाराचो नको!"

तो गोळा कशाचा होता ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असे मी कधी म्हटलेही नाही. पण भूत हा शब्द माझ्या तोंडात कोणी घातला? त्या साहेबाने मालवणच्या बाजारात उभे राहून, सगळ्यांसमोर याचे उत्तर द्यावे.