जहाज भलत्याच किनाऱ्याला

देव आहे की नाही, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात बसलं की नसतो, आणि बाबा गॅस चालू ठेवून विसरले तरी काही झालं नाही, की असतो. त्यामुळे पुढचं ठामपणे काही सांगता यायचं नाही. जे झालं तेवढं सांगते.

बाबा नागपूरचे निवृत्त शिक्षक. आई गेल्यावर त्यांना इकडे आणलं, तेव्हाच त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. त्या दुपारी क्रॉयडनमध्ये आम्ही ट्रॅममधून उतरत होतो. मी उतरले. बाबा मात्र बाबागाडीवाल्या एका बाईला ‘आधी तुम्ही’ असं खुणावत बाजूला झाले, आणि दारं मिटली. ट्रॅम माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. बाबांकडे फोन नाही, पत्ता आठवत नाही. पोलिसांना कळवलं, त्यांनी धीर दिला, तरी मी स्टॉपवरच्या बाकापाशी येरझाऱ्या घालत होते. लहानपणी कंपासपेटी हरवली तरी आई कार्तवीर्याचा मंत्र म्हणायला लावायची, म्हणजे गेलेलं परत मिळतं. तोच पुटपुटायला लागले, तर पुढची ओळच आठवेना.

‘काय हरवलं गं बाय?’ बाकावरच्या एका वृद्ध बाईंनी चक्क मराठीत विचारलं. त्या वसईच्या, ख्रिस्ती, इथे नर्सिंगमध्ये आयुष्य काढलेल्या. मी रडत रडत सांगितलं.

‘चल, नेक्स्ट ट्रॅम घेऊ. पुढच्या स्टॉपला आमचं चर्च आहे, तिथून विचारायला सुरुवात करू. हरवलेल्यांसाठी आमचे एक संत आहेत. तुझा मंत्र आणि ते, बघतील दोघं मिळून. डोन्ट वरी.’

ट्रॅममध्ये त्या मला त्या संतांचं चरित्र सांगायला लागल्या. माझा बाप हरवलेला आणि यांचं कीर्तन! चिडचिड झाली खरी, पण माझा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. ते संत म्हणजे मध्ययुगातले संन्यासी, पोर्तुगालच्या सुखवस्तू घरातले, धर्मशास्त्राचे मोठे पंडित. धर्मासाठी प्राण द्यायचे म्हणून आफ्रिकेला गेले आणि तिथे नुसते आजारी पडले. परत निघाले तर वादळानं जहाज भलत्याच किनाऱ्याला, इटलीला, नेऊन लावलं. तिथे यांना कोण ओळखणार? मठात भांडी घासत, झाडलोट करत राहिले. एकदा प्रवचनाला कुणीच तयार नव्हतं म्हणून यांना उभं केलं, आणि ऐकणारे थक्क झाले.

‘म्हणजे बघ, जायचं होतं तिथे पोचलेच नाहीत ते,’ बाई म्हणाल्या. मला काही समजत नव्हतं. मी खिडकीतून रस्त्यावरचं बाबांसारखं एकेक टक्कल निरखत होते.

चर्चपाशी पोचलो तर दाराबाहेर पायरीवर बूट. शेजारी शेजारी लावलेले, आत मोजे खोचलेले. या देशात देवाच्या दाराशी बूट काढून ठेवणारा दुसरा कोण असणार!

आत बाबा एका मूर्तीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. जाडाभरडा झगा, हातावर बाळ, असे ते संन्यासी. ‘हेच ते,’ बाई कुजबुजल्या आणि मागेच थांबल्या. मी धावत जाऊन ‘बाबा!’ म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेत माझी ओळख नव्हती. असं आधी कधी झालं नव्हतं.

‘तुमचं कुणी हरवलंय का?’ त्यांनी मऊ आवाजात विचारलं. मग शेजारची फरशी हातानं पुसून म्हणाले, ‘बसा. इथे बरं वाटतं.’

मी बसले आणि पोटभर रडले.

घरी येईपर्यंत त्यांना माझं नाव आठवलं. आता ते कधी आठवतं, कधी नाही. त्या दिवशी त्यांना कार्तवीर्यानं शोधलं, त्या संन्याशानं, वसईच्या बाईंनी, की त्यांच्याच जुन्या सवयीनं, हा गुंता मला अजून सुटलेला नाही. पूर्वीचे बाबा परत मिळावेत हा हट्ट मात्र तिथेच गळून पडला. ते जिथे असतील तिथे जाऊन बसायचं, एवढंच माझ्या हातात आहे. अनोळखी बाईसाठीसुद्धा ते फरशी पुसून जागा करतात, इतके बाबा अजून शिल्लक आहेत. त्याबद्दल ज्या कुणाचे आभार मानायचे असतील, त्याचे मी रोज मानते.