घासाघीस करून मिळवलेलं काम

लंडनमधल्या हॅरोत माझं कापडाचं दुकान आहे, कोणाच्या मदतीशिवाय उभं केलेलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात मात्र मला कायम कपडेपटावर बसवलं. दिग्दर्शक म्हणायचे, "तुमचा आवाज बाजारातला आहे हो." तो राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

एका दुपारी चिलीची एक बाई मखमल घ्यायला आली. तिची लॅटिन अमेरिकन नटांची कंपनी होती. जुनी स्पॅनिश नाटकं इंग्रजीतून करायची आणि शाळांमध्ये नाटक शिकवायची. मी भाव सांगितला. तिनं नाक मुरडलं, मखमल खाली ठेवली आणि दाराकडे निघाली, अगदी सावकाश. इथल्या गोऱ्या गिऱ्हाइकांनी हे कधी केलं नव्हतं. मला भरून आलं. उंबऱ्यापर्यंत जाऊ दिलं आणि हाक मारली.

"तुमच्या भावात न्या. पण मला नाटकात काम द्या."

"आधी शाळेत या," ती म्हणाली. "मुलं तुमच्यात रमली, तर काम देते."

शाळेच्या हॉलमध्ये तिनं मुलांना भाजीवाले केलं आणि मला गिऱ्हाईक. एका मुलीनं हवेतल्या टोमॅटोंचा भाव सांगितला. मी भडकले, टोमॅटोंना नावं ठेवली, पाठ फिरवून चालू लागले. कोणी हाकच मारेना.

"बाय, मिस. टेक केअर," मुलगी अदबीनं म्हणाली.

चालत चालत मी कॉरिडॉरमध्ये पोहोचले. आपणहून परत फिरावं, तर सौदा गेला. बाहेरच राहावं, तर काम गेलं. आत कुजबुज चालली होती.

"खरंच रागावली का ती?"

"ॲक्टिंग आहे रे."

"टोमॅटो विकायचेत ना तुम्हाला?" त्या बाईनं विचारलं. "मग?"

दार धाडकन उघडलं. "मिस, थोडे कमी करते. पण असं तोंड करू नका." त्या मुलीच्या मागून सगळा वर्ग आपापला भाव ओरडत बाहेर आला. मी घसा बसेपर्यंत भांडले. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या आणि जाताना कोथिंबीर मागून गेल्या.

"दिलं काम," चिलीची बाई हसत म्हणाली.

"राणीचं हवं."

"राणी दिली कधीच. खानावळवाली उरली आहे."

"भांडते का?"

"पहिल्या प्रवेशापासून."

वर मी एक गाणं मागून घेतलं. तीही कमी नाही, गाणं स्पॅनिशमधलं दिलं. सध्या शटर वर करता करता तेच घोकते.