हललेली भिंत

“व्हिडिओसाठी म्हणतोय मी. चालता चालता काढायचा झाला तर फ्रेम हालाय नको.”

“चालता चालता काढायला गिंबलचा दांडा आहे, अब्बा. आणि व्हिडिओ मी करते. तुम्ही कधीपासून व्हिडिओ करायला लागलात?”

“आता करीन.”

“आता?”

रूहीनं ते ‘आता’ असं काही ताणलं की काउंटरपलीकडचे सयाजीशेठ कॅमेऱ्याचा पट्टा उगाचच गुंडाळायला लागले. मंचरच्या त्यांच्या दुकानातून तय्यबभाईनं पूर्वी रोल नेले होते, मग मेमरी कार्डं नेली, चार्जर नेले. बापलेकीचं भांडण मात्र इथं पहिल्यांदाच होत होतं. घरी असते तर दोघं आपल्या घरच्या बोलीत कडाडली असती. परक्या दुकानात मराठी होती, म्हणून आवाज खालचे होते. शब्द खालचे नव्हते.

काचेवर दोन कॅमेरे ठेवले होते. दोन्ही मिररलेस, दोन्ही काळे, नवख्याला जुळे वाटावेत असे. डावीकडचा रूहीनं निवडलेला. माणसाचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवणारा. मुंडावळ्या आडव्या आल्या तरी नवरीला न सोडणारा. उजवीकडच्याचा फोकस जरा सुस्त, पण त्याच्या पोटात स्टॅबिलायझेशन होतं. ते काय असतं हे सयाजीशेठांनी मघाशी समजावून सांगितलं होतं. एसटी खड्ड्यात आदळली की आपण मांडीवरचा डबा कसा उचलून धरतो, तसा ह्याच्या आतला सेन्सर हाताचा हिसका झेलतो, हात इकडं गेला की तो तिकडं सरकतो. रूहीला हे सगळं ठाऊक होतं. तय्यबभाईनं मात्र दोनदा विचारून घेतलं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारलं होतं ते वेगळंच.

“कितीपर्यंत झेलतं?”

“नॉर्मल हात असंल तर लई झेलतं,” शेठ म्हणाले होते.

तेव्हापासून तय्यबभाईचा उजवा हात पॅंटच्या खिशात होता.

रूहीचं म्हणणं साधं होतं. आपला जुना कॅमेरा फोकस चुकवतो. निरगुडसरला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. मग जो फोकस चुकवत नाही तोच घ्यायचा. स्टॅबिलायझेशन काय चाटायचंय? ट्रायपॉड आहे. तय्यबभाई म्हणाला, मांडवात माणसाला पाय ठेवायला जागा नसते, तिथं ट्रायपॉडचे तीन पाय कुठं ठेवणार. मग फ्लॅश मारा, ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यावर आपण फ्लॅश मारत नाही, तो म्हणाला. मग शटरचा स्पीड वाढवा, आयएसओ वाढवा. फोटोत दाणे येत्यात, तो म्हणाला. तिनं एकेक दार उघडावं आणि त्यानं एकेक लावून घ्यावं, असं चाललं होतं. आपल्याकडची दारं संपत आलीत, हे त्याला कळत होतं.

म्हाताऱ्या माणसांवर फ्लॅश न मारण्याची गोष्ट मात्र खोटी नव्हती. तय्यबभाईचा धंदाच त्यावर उभा होता म्हटलं तरी चालेल. जुन्नरला जुन्या स्टँडमागं त्याचा फोटो स्टुडिओ. वय साठीला टेकलेलं. जुन्नर-आंबेगावात असं गाव विरळा, जिथल्या लग्नात तो उभा राहिला नाही. आणि प्रत्येक लग्नात, अक्षता पडून पंगत बसायच्या आत, त्याचं एक काम असायचं. ते त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. घरातल्या एकेका थोरल्या माणसाला तो बाजूला न्यायचा, एखाद्या साध्या भिंतीशी उभं करायचा, टोपी किंवा पदर सारखा करायला लावायचा आणि एकच फोटो काढायचा. समोर बघून, छातीपर्यंत. त्याला तो ‘सरळ फोटो’ म्हणायचा. अल्बममध्ये तो फोटो कधी लागायचा नाही. पुढं कधीतरी, वर्षानं, पाच वर्षांनी, त्या घरचा कुणी तरी डोळे सुजलेला माणूस स्टुडिओत यायचा आणि म्हणायचा, भाऊ, दशक्रियेला फोटो लागतोय, आजाचा एकट्याचा असा एकबी न्हाई. तय्यबभाई कपाटाकडं वळायचा.

हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून थट्टाही व्हायची. तो दिसला की म्हातारे म्हणायचे, आलं बघा यमाचं फोटुग्राफर. म्हणायचे आणि लगेच दाढीवरून हात फिरवत भिंतीशी उभे राहायचे. निरगुडसरच्या बयाबाईनं तर गेल्या वर्षी नातवाच्या लग्नात त्याला स्वतःच हाक मारली होती.

“ये तय्यब, काढ बाबा. आन् चांगला काढ, लोकं हार घालत्याल मला.”

“आजी, अजून लई टाइम हाये तुमाला.”

“मला हाये. तुला हाये का बघ.”

मांडवात हशा पिकला होता. तय्यबभाईही हसला होता. मग त्यानं कोपर बरगडीला टेकवलं, खांदा मांडवाच्या खांबाला लावला, श्वास सोडला, आणि त्या सोडलेल्या श्वासाच्या शेवटाला बटण दाबलं.

कारण तेव्हाही हात थरथरत होताच.

सुरुवात करंगळीपासून झाली होती. मग बशीतला चहा सांडायला लागला. मग कुणाच्या घरी चहाला नाही म्हणायची सवय लागली. डॉक्टरनं सांगितलं होतं की गोळ्या घेतल्या तर हळूहळू वाढेल, नाही घेतल्या तर लवकर. घरात हे फक्त जोहराबीला ठाऊक. ती रोज सकाळी नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि रूही आत आली की बाजूला व्हायची. पोरीला सांगू नको, एवढंच तो तिला म्हणाला होता. पोरीला कळलं तर ती कॅमेरा हातातून काढून घेईल, आणि तेही मायेनं. मायेनं काढून घेतलेली वस्तू परत मागता येत नाही.

मग बयाबाई गेली. तिचा मुलगा भरत दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आला. तय्यबभाईनं कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला. बयाबाई दोन होती. एकीवर दुसरी सरकलेली, दोघींनाही डोळे नीट नाहीत. त्यानं भरतला सांगितलं, फोटो आहे, उद्या फ्रेम करून देतो. तो गेल्यावर रूही मागून येऊन म्हणाली, फोकस गेलाय हो, जुना झाला आपला कॅमेरा, थांबा, मी करते नीट. आजकाल कसलाही फोटो स्वच्छ करून देणारं सॉफ्टवेअर असतं. तिनं तो त्यात घातला. बघता बघता डोळे आले, पापण्या आल्या, सुरकुत्या ओळीनं लागल्या. बयाबाईची डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली, ती उघडली. पडलेल्या दातांच्या जागी दात आले.

रूहीनं बयाबाईला मांडवातल्या गर्दीत एकदाच पाहिलेलं, तिला काय कळणार. तय्यबभाईला कळलं. त्यानं ह्या बाईला तरणी असल्यापासून पाहिलं होतं, तिच्या पोरांच्या लग्नांचे फोटो काढले होते. ही बयाबाई नाही, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण मग पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं. तो म्हणाला, “छान झालाय. प्रिंट काढ.”

दशक्रियेला नदीकाठी मांडव घातला होता. प्रवचन चाललं होतं, रूही ट्रायपॉडवर त्याचं शूटिंग करत होती, आणि खुर्चीवर हार घालून ती फ्रेम ठेवली होती. पारगावहून बयाबाईची धाकटी बहीण सोनीबाई आली. फुलं घेऊन फ्रेमपुढं वाकली आणि तशीच राहिली. मग सरळ झाली, फुलं मुठीतच ठेवली.

“ही कोन ठिवली इथं?”

भरत पुढं झाला. मावशी, आईच हाये, बसा तुमी. तिला कमी दिसतंय, असं त्यानं आजूबाजूच्यांना सांगितलं.

“मला कमी दिसतंय, पर माझी बया मला दिसतीय. ही न्हाई ती.”

प्रवचनकार क्षणभर थांबले. लोकांनी एकदा फ्रेमकडं बघितलं, आणि एकदा तिथं बघितल्यावर ते सगळ्यांनाच दिसलं. पुढच्या रांगा हात जोडून उठत गेल्या आणि अनोळखी बाईला नमस्कार करत गेल्या. सोनीबाईनं फुलं नदीत टाकली. भरत चार दिवसांनी फोनवर एवढंच म्हणाला, “भाऊ, जुना असंल एखादा तर बघा ना. आईचा चेहरा मलाच आता गपकन आठवत न्हाई. तोच येतो डोळ्यापुढं, फ्रेममधला.”

त्या फोननंतर रूहीनं हट्ट धरला होता की कॅमेरा बदलायचाच. आणि आता ती मंचरच्या दुकानात उभी राहून चुकीच्या आजारावर बरोबर औषध शोधत होती.

“असं करा,” सयाजीशेठ शेवटी म्हणाले, “समोरच्या भिंतीवरलं घड्याळ काढा दोन्हींनी. शटर जरा हळू ठिवतो, म्हंजी फरक कळंल. परत उसातनं जायचंय तुमाला, बिबट्या असतोय, उजेडात निघा.”

तय्यबभाई म्हणाला, रूही काढंल. रूहीनं काढले. दोन्ही फोटो स्वच्छ आले. बघा, ती म्हणाली, काय फरक आहे?

“वापरणाऱ्यानं काढावा, भाई,” शेठ म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. विकणाऱ्या माणसाची ती रीत होती.

आता खिशातून हात काढणं भाग होतं. तय्यबभाईनं उजवीकडचा कॅमेरा उचलला, दुकानाच्या खांबाला खांदा लावला, कोपर बरगडीत रुतवलं. श्वास सोडला. बटण दाबलं. मागच्या स्क्रीनवर घड्याळ उमटलं. त्यानं मोठं करून बघितलं. आकडे कातरल्यासारखे. काट्याच्या टोकावर धूळ बसली होती, ती धूळसुद्धा दिसत होती. किती दिवसांनी त्याला आपल्या हातचं काही असं दिसलं होतं. त्यानं मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते. अजून तीन-चार वर्षं, तो मनात म्हणाला. अजून तीन-चार वर्षं निघतील.

“हा घ्यायचा,” तो म्हणाला.

“ह्याच्यानं पण काढा ना एक,” रूही म्हणाली आणि तिनं तिचा कॅमेरा त्याच्या हातात दिला. जिंकायच्या भरात दिला होता. फोकस किती पटकन धरतो ते बघा, म्हणाली.

नको म्हणायला कारण उरलं नव्हतं. त्यानं पुन्हा खांब, पुन्हा कोपर, पुन्हा श्वास केलं. फोकसची हिरवी चौकट घड्याळावर अचूक बसली आणि टुक असा आवाज आला. बटण दाबलं.

रूहीनं कॅमेरा घेतला, हसत हसत फोटो मोठा केला. घड्याळ दोन होतं. एकावर दुसरं सरकलेलं. तिनं बोटानं फोटो कडेला सरकवला. भिंतीवरचा खिळा दोन होता, भिंतीला गेलेली चीर दोन होती.

तिचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं कॅमेरा काचेवर ठेवला, स्वतःचा मोबाइल काढला आणि बरंच खाली जाऊन एक फोटो शोधला. तय्यबभाईला तिथूनही कळलं कोणता. बयाबाईचा, सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या आधीचा. रूही त्यात बयाबाईकडं बघत नव्हती. मागच्या भिंतीकडं बघत होती.

“भिंत पण हललीय, अब्बा.”

त्यानं हात परत खिशात घातला.

“फोकस चुकला असता तर भिंत तरी नीट आली असती. आई गं. मला कसं दिसलं नाही हे.” ती शेठांकडं न बघता हळू बोलत होती. “म्हणे ट्रायपॉड नको, व्हिडिओ मी करीन, दाणे येत्यात. आणि अम्मी सकाळी तुमची बटणं का लावते, ते मला वाटायचं...”

सयाजीशेठ काहीतरी शोधत आतल्या खोलीत गेले. तिथं शोधण्यासारखं काही नव्हतं.

“हात दाखवा,” रूही म्हणाली.

हात परत खिशात गेला होता. खिशाचं कापड हलत होतं.

“राहू दे. नका दाखवू. मी तुम्हाला ते विचारतच नाही.” तिनं मोबाइल काचेवर पालथा ठेवला. “अम्मी बटणं लावतेय त्याला दोन वर्षं झाली ना? दोन वर्षं आपण दर लग्नात थोरल्यांचे सरळ फोटो काढतोय. ती माणसं हौसेनं उभी राहिली तुमच्यासमोर. हार्डडिस्कमध्ये सगळी आहेत. मी एकदाही उघडून बघितली नाहीत, कारण ते तुमचं काम. तुम्ही बघितलीत?”

बाहेर मंचरच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत चालला होता. त्याच्या दोन्ही ट्रॉल्या दुकानासमोरून निघून जाईपर्यंत काही ऐकू आलं नसतं. रूही तेवढा वेळ थांबली.

“अब्बा, त्यातली कितीजण नीट आलीत? एक तरी?”

तय्यबभाईनं काचेवरच्या दोन्ही कॅमेऱ्यांकडं बघितलं. डाव्या हातानं काउंटरवरची आपली टोपी उचलली, ती डोक्यावर नीट बसायला दोन प्रयत्न लागले. मग तो वळला, दुकानाची पायरी उतरला आणि ट्रॅक्टरनं उडवलेल्या धुळीतून स्टँडच्या दिशेनं चालायला लागला.