साडूंची तिरपी थाळी

गाडीच्या एसीवर चार शब्द ऐकल्याशिवाय माझ्या साडूंच्या शेजारून जेवून उठलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. द्वारका चौकाजवळ त्यांचं एसी दुरुस्तीचं गॅरेज. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की आधी शिकवणी, मग किल्ली. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांसमोर भरलं ताट तिरपं धरलं. "बघा, नव्या कॉम्प्रेसरात अशी थाळी फिरत असते. ती जितकी तिरपी, तितका पिस्टन लांब पळतो, अन् गारवा वाढतो. गाडी गार झाली की थाळी सरळ होत जाते, पिस्टन आखूड पळतो. बंद पडत नाय, नुसता दमानं घेतो!" रस्सा व्याह्यांच्या पांढऱ्या पँटवर गेला. "एवढी तिरपी मात्र होत नाय," साडू म्हणाले.

ही विद्वत्ता उशिरा आलेली. पूर्वी त्यांची सगळी भिस्त कानावर होती. जुन्या कॉम्प्रेसरचा क्लच लागताना 'टक्' असा आवाज होई, आणि तो ऐकून साडू रोग सांगत. एकदा एक नवी गाडी आली, काही केल्या गार होईना. साडूंनी बॉनेट उघडून कान दिला, टक् काही ऐकू येईना. "मेला कॉम्प्रेसर," त्यांनी निकाल दिला. गॅरेजात बरोबरीनं राबणारा त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, याला क्लचच नाय. हा सारखा फिरतो, आतली थाळी तेवढी कलते. गॅस गळत असंल." "तू मला शिकवणार?" असं गिऱ्हाइकांदेखत ओरडून साडूंनी कॉम्प्रेसर उतरवला, खोलला. तो ठणठणीत होता. गळत होता एक पाइप. भावानं पाइप बदलला, हात पुसले आणि देवळा गावी जाऊन स्वतःचं गॅरेज टाकलं. साडू तेव्हा एक शब्द बोलले असते तर तो थांबला असता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि साडूंना सर्वांत जास्त.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला गाडीत घातलं. "चला पाव्हणे, एकदाचं सांगून टाकतो त्याला." वाटभर माझ्यावर तालीम चालली होती, "तुझं बरोबर होतं, चल घरी." देवळ्याच्या गॅरेजात भावानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. साडू घसा खाकरून म्हणाले, "हे बघ, नव्या कॉम्प्रेसरात एक थाळी असते..."

चहावर साय धरली तरी ते सांगतच होते. भाऊ मान खाली घालून, पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हो दादा. असंच असतं." आणि वाट बघत राहिला. साडूंनी वाटेत घोकलेलं ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी बोलून काय उपयोग? तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि भाऊ उठला.

परतताना चांदवडला साडूंनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "समजलं असंल ना त्याला?"

"समजलं," मी म्हणालो.

"मग का नाय आला?"

फार वाईट वाटलं मला. त्याला 'चल घरी' म्हणायचंच राहून गेलं, हे त्यांना सांगायला माझीही जीभ रेटली नाही.