टेपचं दुमडलेलं टोक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. या ग्रुपवरचे बरेचसे अनुभव मी जेवताना हसत हसत वाचते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून देव्हारा गेला आणि त्याच्या मागोमाग भुतंखेतंही गेली. बाबांचं तर एकच म्हणणं असायचं - आधी तपास, मग बोल. म्हणून सगळं तपासूनच लिहितेय. तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या, मलाही कुठे धड पटलंय...

बाबा खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत होते. तिथे कामाच्या खोलीत शिरण्याआधी दाराशी बसवलेल्या तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकवावा लागे. अंगातली वीज जमिनीत उतरली पाहिजे, नाहीतर एका ठिणगीत खेळ खलास. ही सवय बाबांनी घरी आणली. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, कशालाही हात लावायचा तर आधी स्वयंपाकघरातल्या नळाला हात. "इथे कुठला दारूगोळा ठेवलाय?" असं आई विचारायची, पण पुढे पुढे तीही मिक्सर लावताना नकळत नळाकडे वळायची. मी तर परीक्षेला निघतानासुद्धा नळाला हात लावून निघायचे. मैत्रिणींच्या हातावर दही-साखर ठेवायचे, आमच्याकडे नळ.

त्यांची आणखी एक खोड होती. वायरीवर काळी टेप गुंडाळून झाली की तिचं शेवटचं टोक ते जरासं दुमडून ठेवायचे, छोटा त्रिकोण करून. उद्या कोणाला सोडवायची झाली तर नखं झिजवायला लागू नयेत म्हणून. दुसऱ्या कोणाला असं करताना मी अजून पाहिलेलं नाही.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही जवळच फ्लॅट घेतला. तिथली इंटरनेटची केबल बाबांनी स्वतः ओढली. जिन्यातल्या डब्यातून आत, बाथरूमवरच्या माळ्यावरून थेट हॉलमधल्या मोडेमपर्यंत. ऑपरेटरचा माणूस नुसता बघत उभा होता. नेट बंद पडलं की बाबा नळाला हात लावून मोडेमचा प्लग काढायचे आणि आईला चहा टाकायला सांगायचे. चहा संपेपर्यंत प्लग परत लावायचा नाही. "त्याला जरा दम खाऊ दे," म्हणायचे. मी आयटीतली, मला हसू यायचं. आता तो चहा फार आठवतो.

गेल्या वर्षी बाबा गेले. मी वाकडला राहते आणि आईला खडकी सोडायची नाही. त्यात ती एकदा स्वयंपाकघरात पडली आणि फोनपर्यंत पोचता येईना म्हणून बराच वेळ तशीच पडून राहिली. मग मी हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरे बसवले आणि अट घातली. नेट चालू असेल तर तू इथे, नेट बंद पडायला लागलं तर तू माझ्याकडे.

आई म्हणाली, "म्हणजे आता माझं घर त्या डबीवर."

आणि नेमका तो मोडेम सतावायला लागला. मी ऑफिसच्या मीटिंगमधून आईला फोनवर सांगायचे - प्लग काढ, केबल पिळून घट्ट बसव. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, तिला ते पिळणं जमायचं नाही. शेवटी मी सांगितलं, आता पुन्हा गेलं तर वाद नको.

पुढच्याच रविवारी सकाळी गेलं. मी पोचले तर दाराशी बॅग भरून ठेवलेली. साड्या, औषधांची पिशवी आणि सगळ्यात वर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बाबांचा फोटो. आई म्हणाली, "शब्द दिला होता ना." मला फार वाईट वाटलं, पण ती पडली तो दिवसही डोळ्यांपुढून जाईना.

तरी एकदा नीट बघू म्हटलं. मोडेम बंद करून चालू केला. पॉवरचा दिवा लागला, पण ऑनलाइनचा नुसता लुकलुकत राहिला. टीव्हीकडे जाणारा फाटा काढून केबल थेट मोडेमला जोडली, तरी तेच. लॅपटॉप घेऊन जिन्यातल्या डब्यापाशी बसले, मोडेम तिथेच जोडला, तर नेट व्यवस्थित चालू. म्हणजे घोटाळा आतल्या वायरीत. मोडेम परत हॉलमध्ये जोडला आणि स्टुलावर चढून टॉर्च घेऊन माळ्यावर बघितलं. उंदराने केबल कुरतडली होती. वरचं काळं आवरण गेलेलं, आतली जाळी विस्कटलेली आणि तांब्याची तार उघडी. मोबाइलवर फोटो काढून ऑपरेटरला पाठवला. त्यांनी कळवलं, वायर बदलावी लागेल, आज रविवार आहे, उद्या बघू.

मी खाली उतरले आणि आईला म्हटलं, चल. ती वाद घालत बसली नाही, फक्त म्हणाली, "चहा घेऊन निघू. तुझे बाबा चहाशिवाय हार मानायचे नाहीत."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. ती आधण ठेवत होती आणि मी कप विसळायला म्हणून नळाला हात लावला. एकदम सगळं दाटून आलं... तशीच हात ठेवून रडत उभी राहिले. आई पाठीवर हात फिरवत राहिली. चहा घेऊन हॉलमध्ये आलो तर ऑनलाइनचा दिवा स्थिर लागलेला.

मोबाइलवर कॅमेरा उघडला, त्यात आम्ही दोघी कप घेऊन उभ्या. मी पुन्हा स्टुलावर चढले. जिथे तांबं उघडं पडलं होतं तिथे काळी टेप गुंडाळलेली होती, एकसारखी, घट्ट. आणि तिचं टोक त्रिकोणात दुमडलेलं.

बाहेरच्या दाराला आतून कडी होती. आई पूर्ण वेळ माझ्याजवळ होती, शिवाय तिला स्टुलावर चढता येत नाही. आधीचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, त्यात तांबं स्पष्ट दिसतं. आणि अशी कुरतडलेली केबल नुसत्या टेपने सुरू होत नाही, एवढं मलाही कळतं. सोमवारी ऑपरेटरच्या माणसाने सिग्नल मोजला, वायर बदलायची गरज नाही म्हणाला. काम छान झालंय, कोणी केलं, असंही विचारलं.

आई म्हणाली, "घरातल्याच माणसाने."

बॅग तिने त्याच रविवारी रिकामी केली होती, फोटो भिंतीवर परत गेला होता. त्यानंतर नेट गेलेलं नाही. आई तिथेच आहे आणि रोज सकाळी कॅमेऱ्यात बघून मला हात करते.

टेपच्या खाली काय आहे, ते बघितलं तर कदाचित उलगडाही होईल. बाबा असते तर म्हणाले असते, तपास. सोडवायला सोपंच आहे, टोक बोटाशी येतं. दर वेळी गेले की मी स्टुलावर चढते, टॉर्च मारते आणि तशीच खाली उतरते.